मी मिळवून दिलेली टीप

आता माझ्याच तोंडानं सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून ऐकायला नको. लातुरात भरदुपारी, भरलेल्या हॉटेलात मी एका भल्या माणसाच्या पोरीची सोयरीक मोडायला निघालो होतो. अन् तेही त्याचं भलं करायला!

माझं घर नांदेडला, नोकरी लातूरच्या शाळेत. त्यामुळं दुपारचं जेवण शाळेसमोरच्या हॉटेलात. तिथं वाढायला लिंबाजीमामा. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखतेत, पण हाक मारायच्या आत ताट समोर हजर.

त्या दिवशी शेजारच्या टेबलाला नऊ माणसं बसली होती. एक फेटेवाले काका, त्यांच्या काकू, बाकी गोतावळा. कापड दुकानाच्या पिशव्यांनी दोन खुर्च्या भरलेल्या. अन् मामांची काय पळापळ! "गरम भाकरी आणतो!" "तूप घ्या की अजून!" एकीनं पाणी कोमट हाय म्हणून परत पाठवलं. एकानं ठेचा तीनदा मागवला. मामांचा सदरा पाठीला चिकटला, तरी माणूस हसूनच राहिला!

जेवणं झाली. मोठमोठे ढेकर झाले. मंडळी उठली अन् सरळ बाहेर. गल्ल्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. बिल आधीच दिलं असंल, असं मी धरून चाललो. पण टेबलावर काय ठेवलं? खरकटं! एक रुपाया न्हाई!

माझं डोकंच फिरलं. तुम्ही म्हणाल, मालक पगार देतो की. अहो देतो, पण त्यात गुडघ्याच्या गोळ्या तरी येतेत का? कापडाच्या दुकानात हजारोंनी मोजायचे, अन् ज्यानं उन्हाळ्याच्या दिवसात भट्टीसारख्या स्वयंपाकघरात वीस खेपा घातल्या, त्याच्यापुढं हात झटकून उठायचं? ही काय रीत झाली?

मी उष्ट्या हातानंच बाहेर पळालो. मंडळी जीपमध्ये चढत होती.

"काका, थांबा!"

"काय वो, पावनं?"

"आत जेवलात न्हवं?"

"हाव. पोटभर."

"मग वाढणाऱ्याला काय दिलं?"

काका गोंधळले. "त्यांना? आमी द्यायचं व्हय?"

"मग कोण देणार? नऊ जणांना वाढलं, ते काय फुकट?"

काकांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, बरोबर वर्मी लागलं!

"त्यांनी सांगितलं का तुमाला, पैसे मागा म्हणून?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं की नाही? पण आम्हा मास्तर लोकांना सुरू झाल्यावर थांबता येतं का?

"ते कशाला मागतेत? वरून हसतेत बिचारे. पण मनातून किती वाईट वाटत असंल! रोज बघतो ना मी!"

काकूंनी हातातली पिशवी दाणकन जीपमध्ये टाकली. "बगा! मी म्हणत न्हवते, एवढा आग्रह कशाला करून राहिलेत म्हणून?"

काका तडक आत. मागं काकू. त्यांच्या मागं मी, लढाई जिंकल्यासारखा! काकांनी खिशातनं पाचशेची नोट काढली अन् मामांच्या पुढं टेबलावर आपटली.

"घ्या. जेवणाचे. कमी पडत असले तर तसं सांगा."

"घ्या मामा, घ्या!" मी मागून ओरडलो. "हक्काचे हैत!"

मामांनी हातातला पाण्याचा जग खाली ठेवला. "इवाई, हे काय करून राहिलात? माझ्याकडनं काय चुकलं?"

इवाई? म्हणजे व्याही?

मग एकेक उलगडत गेलं. मामांच्या लेकीचं लग्न ठरलेलं. निलंग्याहून मुलाकडची मंडळी बस्ता बांधायला आलेली. मामांना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्यांना इथंच जेवायला बोलावलं अन् मालकाला सांगून ठेवलं होतं, आजचं जेवण माझ्याकडून.

मी तसेच दोन्ही कान धरले. उष्ट्या हातानं! "काका, मामा एक शब्द बोलले न्हाईत हो! हे सगळं माझ्याच डोक्यातलं. मला वाटलं तुम्ही गिऱ्हाईक. मी टीप म्हणत होतो, टीप!"

काकूंचा राग काही उतरेना. त्या माझ्याकडं एकटक बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या कानाच्या पाळीवरून ओघळणाऱ्या वरणावर गेली, अन् त्यांनी पदर तोंडाला लावला. काका तर खो-खो हसायलाच लागले. नोट परत खिशात गेली. मामांचा जीव भांड्यात पडला, अन् माझाही.

"पण पावनं, तुमचं बोलणं मला पटलं," काका म्हणाले. "राबणाऱ्याला दिलंच पायजे. आमी बाजारला येतो, हॉटेलात बसतो, पण कधी ध्यानातच आलं न्हाई. बरं, किती ठेवावं म्हणता? तुमी आमच्या इवायांना रोज किती देता?"

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी मामांकडं बघितलं. सहा वर्षं इथं जेवतोय! सुट्ट्या सोडल्या तर रोज! मामांनी खांद्यावरचं फडकं काढून स्वच्छच असलेलं टेबल पुन्हा पुसायला घेतलं.

"सर व्हय?" ते खाली बघतच म्हणाले. "सर लई गोड बोलतेत."