बूट घातलेला ताड

फोनवर आपलं चित्र पाहिल्यावर रुबिएला काइसेदोनं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि भाचीला विचारलं, "यातलं कुत्रं कुठं गेलं गं?"

"मावशी, फोनवर एवढंसंच दिसतं," यामिलेत ओशाळून म्हणाली. तिच्या वाद्यवृंदाचं नवं गाणं यायचं होतं आणि कव्हरचं चित्र तिनंच हट्टानं मावशीकडून काढून घेतलं होतं.

"अगं, अकरा माणसं काढलीत, नदी काढलीय, पूल काढलाय! इथं तर घेवड्याच्या आमटीचा डाग पडल्यासारखं दिसतंय."

शेवटी वाद्यवृंदातल्या पोरांनी गुलाबी चौकोनावर नुसती अक्षरं टाकली. रुबिएला हसली खरी, पण दोन दिवस ब्रश धुवायचे राहिले.

कोलंबियातल्या काली शहराच्या ओब्रेरो वस्तीत ती वाढली. विसाव्या वर्षी एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत कव्हरांची चित्रं काढायला लागली, खाली सही 'आर. काइसेदो'. शुक्रवारी नवी रेकॉर्ड दुकानाच्या काचेत लागली की बसवाले गाडीचा वेग कमी करून बघायचे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं, तरी तो रेकॉर्डी घ्यायचा. कव्हरं भिंतीला लावायचा आणि रेकॉर्डी वाजवायला शेजाऱ्याला द्यायचा. मग कॅसेटी आल्या, ताटाएवढं चित्र काडेपेटीएवढं झालं. सीडीवर जरा वाढून बशीएवढं झालं, आणि फोनवर आलं ते नखाएवढं. मधल्या वर्षांत कंपनी बंद पडली. रुबिएला सरबताच्या दुकानांच्या भिंती रंगवू लागली. अननस ती फार झोकात काढायची.

त्या डिसेंबरात, शहराची जत्रा भरली तेव्हा, यामिलेतनं तिला ओढतच बागेत नेलं. तिथं दरवर्षी जुन्या रेकॉर्डी जमवणारे लोक आपापली खोकी घेऊन येतात, तंबूत गाणी लावतात आणि भर दुपारी घाम पुसत नाचतात. यामिलेतनं पहिल्याच तंबूत सांगून टाकलं, "ही माझी मावशी. आर. काइसेदो."

खोक्यामागचा माणूस उठूनच उभा राहिला. "आर. काइसेदो म्हणजे तुम्ही? आम्ही चाळीस वर्षं रोबेर्तो समजतोय!"

"मग रोबेर्तोला सांगा, मला एक गार सरबत पाजायला."

बातमी तंबूतंबूतून पसरली. लोक कव्हरं छातीशी धरून सह्या घ्यायला आले. त्यांत ओक्तावियो नावाचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी अगदी जपून एक कव्हर पुढं केलं. सत्त्याहत्तर सालची रेकॉर्ड. चित्रात दहा वादक ओळीनं उभे होते, मधोमध एक ताडाचं झाड होतं आणि झाडाच्या बुंध्याशी दोन काळे चकचकीत बूट.

"रुबिएलाबाई, या ताडावर मी सतरा पानांचा लेख लिहिलाय," मास्तर म्हणाले. "गाव सुटलेला माणूस! पायांत शहराचे बूट, पण आत मुळं! बरोबर ना?"

रुबिएलानं चष्मा पुसून कव्हर जवळ घेतलं. तेवढ्यात गर्दीमागून आवाज आला, "ते बूट माझेत."

काठी टेकत एक ऐंशीचा म्हातारा पुढं आला. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, तोंडात मोजून चार दात. रुबिएलानं त्याला आवाजावरूनच ओळखलं.

"एवेलियो! अरे, तू आहेस अजून?"

"आहे की. झाडात कोंबलं होतंस ना मला? बाहेर काढ आता."

मग तिला सगळं सांगावंच लागलं. एवेलियो त्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा. कव्हर छापायला जायच्या आदल्या दिवशी त्याचं रेकॉर्ड कंपनीच्या मालकाशी भांडण झालं, तेही मालकानं त्याच्या ट्रम्पेटला 'गाढवाचं रडणं' म्हटलं यावरून. एवेलियो चालता झाला. मालक रुबिएलाकडे आला नि म्हणाला, "पुसून टाक त्याला." तिनं घाईघाईनं त्याच्यावर ताड रंगवला. बुटांपर्यंत पोचेतो छापखान्याचा माणूस दारात उभा.

"म्हणजे मुळं वगैरे...?" मास्तरांचा चेहरा पडला.

"मुळं कसली, मास्तर. वेळ संपला माझा."

बाग हसून लोटपोट झाली. थोड्या वेळानं मास्तरही हसले, आणि त्यांचं हसू सगळ्यांत उशिरा थांबलं.

पोरांचे चेहरे रंगवणाऱ्या बाईकडून कुणीतरी रंग आणले. एवेलियोनं स्वतःजवळची रेकॉर्ड पुढं केली. रुबिएलानं खुर्ची सावलीत ओढली.

"केस देऊ का रे?"

"दे. भरपूर दे. दातही दे."

ताड हळूहळू दिसेनासा झाला आणि त्या जागी छत्तीस वर्षांचा एवेलियो उभा राहिला, गाल फुगवून, ट्रम्पेट आभाळाकडे. म्हाताऱ्यानं चित्र हातात घेतलं. मग काठी यामिलेतच्या हातात दिली आणि रुबिएलाला नाचायला उठवलं. दोन गाणी झाली तरी सोडेना.

ती बसते न बसते तोच समोर रांग लागली. ज्याच्याजवळ ती रेकॉर्ड होती त्या प्रत्येकाला एवेलियो झाडाबाहेर हवा होता. मास्तर मात्र कव्हर पाठीमागं लपवून ओरडले, "माझ्या ताडाला हात लावायचा नाही!" तासाभरानं तेच रांगेत दिसले. "घरी दुसरी प्रत होती," ते पुटपुटले.

त्यानंतर रुबिएलाच्या ओसरीवर रविवारी माणसं येऊ लागली. त्यांच्याजवळ रेकॉर्डी नसतात, फोनमधली गाणी असतात. त्यांना त्या गाण्याचं कव्हर हवं असतं, भिंतीवर लावायला, जुन्या मापाचं. एवेलियो शेजारी बसून नको ते सल्ले देत असतो.

गेल्या रविवारी शहाळी विकणारी एक बाई आली. लग्नात वाजलेलं गाणं तिनं आणलं होतं. तिनं विचारलं, "नवऱ्याला जरा बारीक काढाल का?"

"गाणं लाव आधी," रुबिएला म्हणाली. "मग ठरवू, किती बारीक करायचा ते."