दाऊदभाईंच्या छातीतून निघालेला ईसीजी

भूतबित मी मानत नाही. बंद पडलेली हृदयं चालू करायचं शिकतोय — अँजिओप्लास्टीच्या फेलोशिपचं शेवटचं वर्ष. माझ्यासमोर यायचं तर भुतानंही आधी नंबर लावावा, असा आपला थाट! ...तरीही हे वाचा.

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी रोह्याला शाळेच्या हॉलमध्ये आमचं हृदयतपासणी शिबिर होतं. अर्धा तालुका लोटला होता (बरं, साठेक माणसं). बायकांत कुणीतरी पसरवलं, या वायरींनी शॉक बसतो. यावर आमचा ठरलेला उपाय — अँब्युलन्सचे ड्रायव्हर दाऊदभाई. रोह्याचेच, वीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून आलेले, छाती दरवाजाएवढी. सगळ्यांदेखत आधी त्यांचा ईसीजी काढायचा.

"बघ गो, काय होत नाय," एका आजीला सांगत ते आडवे झाले. कागद बाहेर आला आणि माझेच ठोके चुकले. हार्ट अटॅक... तोही जबरदस्त!

"दाऊदभाई, छातीत दुखतंय?"

"भूक लागलीय, डाक्टर."

पुन्हा काढला — नॉर्मल. आजीचाही नॉर्मल. पण माझा जीव थाऱ्यावर येईना. पहिला कागद खरा असेल तर माणूस हातचा जाणार. सरांना फोटो पाठवला. सर म्हणजे आमचे गुरू, ज्यांच्या आवाजानं अँजिओप्लास्टीचे फुगे न दाबता फुगतात.

"दुसरा नॉर्मल म्हणून पहिला खोटा? घेऊन ये मुंबईला. मी लॅब उघडून थांबतो."

आता पेशंटच ड्रायव्हर! ते मागे झोपलेले, शेजारी सिस्टर, स्टिअरिंगवर मी.

"गियर बदला हो! हार्टनं नाय, तुमच्या गाडीनं मरंन मी!"

पेणला थांबून परत ईसीजी. नॉर्मल. मागे फिरावं? ॲक्सिलरेटरवरचा पाय काही ऐकेना... निघालो.

सरांनी स्वतः अँजिओग्राफी केली. दाऊदभाईंच्या रक्तवाहिन्या लख्ख!

"गाढवा, रविवारी मला —" सर म्हणाले, आणि वाक्य तिथंच राहिलं. घामानं डबडबून ते खाली बसले.

त्यांचा ईसीजी काढला. सिस्टरनं रोह्याचा पहिला कागद त्यावर ठेवून दिव्यासमोर धरला. रेषेवर रेष! मधला एक चुकार ठोकासुद्धा त्याच जागी.

दाऊदभाईंना उठवलं, सरांना झोपवलं. हृदयाची मुख्य नळी पूर्ण बंद, ती उघडायची वायर माझ्या हातात.

"घाई नको," सर खालून पुटपुटले.

मी हो म्हटलं आणि घाई केली. नळी उघडली, रक्त धावलं, सर वाचले. दहाव्या मजल्यावर एकटे राहतात. त्या दुपारी घरी असते तर उरले नसते, हे तेच सांगतात.

कंपनीनं मशीन तपासलं, दोष नाही. मोठमोठे डॉक्टर दोन्ही कागद बघून, चहा पिऊन, मान हलवत गेले. 

मागच्या महिन्यात शिबिर कोलाडला होतं. बायका पुन्हा अडल्या. मी दाऊदभाईंकडे पाहिलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं.

"नाय डाक्टर. ह्या खेपेला कोणाचा निघंल, काय सांगावं?"

मग मीच आडवा झालो. कागद सरसरत बाहेर आला.

"बघ गं," मी सिस्टरला म्हटलं.

"तुम्ही बघा, डॉक्टर."

दोघांनीही पाहिला नाही. घडी घालून तिच्या पर्समध्ये आहे... अजून.