तात्या, चाचा आणि माळावरची हरणं

किस्से सांगायला बसलं की माझी एक अडचण होते. सांगण्यासारखे दोनच आहेत असं म्हणून सुरुवात करतो, आणि पहिला अर्धा होतोय न होतोय तोवर बाकीचे मागे येऊन उभे राहतात, टँकरपुढे घागरी लागाव्यात तसे. शिकारीचं तर जास्तच. शिकार असते पाच मिनिटांची, वाट बघणं चार तासांचं. त्या चार तासांत माणसं काहीतरी करतातच.

हे सगळं कायदा कडक होण्याच्या आधीचं. तेव्हा काळविटाचा रीतसर परवाना मिळायचा, ठराविक महिन्यांत, तोही फक्त नराचा. आज त्या माळावर बंदूक घेऊन गेलं तर सरळ तुरुंग, आणि ते योग्यच आहे.

मी उमापूरच्या बाजूला एका गावात सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आठवडाभर खताच्या गोण्या आणि सभासदांच्या सह्या. रविवारी वडिलांच्या मागे माझ्या नावावर झालेली बारा बोअरची बंदूक खांद्याला लावायची आणि माळ गाठायचा. सोबत दोघं. दगडूतात्या, गावातलेच साठीचे शेतकरी. त्यांच्याकडे बंदूक कधीच नव्हती, पण हरीण पुढे काय करणार हे हरणाच्या आधी त्यांना कळायचं. दुसरे करीमचाचा, गेवराईचे इंजिन मेकॅनिक. त्यांना शिकारीपेक्षा आमची सोबत आवडायची. डबा मात्र नेहमी त्यांचाच असायचा.

* * *

पहिल्या मोसमात मी एकही हरीण जवळून पाहिलं नाही. तीन रविवार रांगून रांगून कोपरं सोलून घेतली. कळप लांबूनच मान वर करायचा आणि गायब.

चौथ्या रविवारी तात्यांनी मला एका बांधाआड बसवलं आणि चिमूटभर माती हवेत सोडली. माती आमच्या मागून पुढे गेली. तात्यांनी नाक वर केलं. मग माझ्याकडे वळून वास घेतला, आणि मग चाचांकडे.

चाचांनी नुकतीच दाढी करून हिन्याचं अत्तर लावलं होतं. चौथ्याही रविवारी.

"चाचा," तात्या म्हणाले, "तुमी शिकारीला आलाव का हरणाच्या लग्नाला?"

त्या दिवसापासून शनिवारीच अत्तर बंद व्हायचं. वारा तोंडावर घ्यायचा, ही मी शिकलेली पहिली गोष्ट. हरणाच्या डोळ्याला फसवता येतं, नाकाला नाही.

* * *

डोळ्याला कसं फसवायचं तेही तात्यांनीच शिकवलं. हरीण माणसाला बुजतं, बैलगाडीला बुजत नाही. रोजची बघण्यातली असते. गाडीच्या पलीकडच्या बाजूनं चाकालगत वाकून चालायचं, गाडी सरळ कळपावर न्यायची नाही, तिरपी तिरपी न्यायची. आणि गाडीवानानं बैलांशी बोलणं थांबवायचं नाही. तो गप्प झाला की कळपाला शंका येते.

तात्या गाडीवर, मी चाकाशी. मला पुढचं काही दिसत नव्हतं. तात्या बैलावर ओरडत होते, "हौश्या, नीट चाल बे! डाव्या अंगाला दोन माद्या हायेत, तिकडं बघू नको. काळा मधी उभा हाय बाभळीपाशी. आता गाडी बाभळीपुढून काढतो, मग तू थांबायचं बघ, हौश्या. कावून हळू चाललास?"

हौश्या बिचारा नीटच चालला होता. गाडी पुढे सरकली, मी जागेवर गुडघा टेकून राहिलो, आणि बाभळीखाली काळा शाईसारखा नर माझ्याकडे अंग करून उभा. एकच बार. तो तिथेच बसला.

मी धावत गेलो. इतक्या रविवारांनंतर पहिला नर; मी तात्यांकडे वळलो. तात्या सावकाश उतरले, आधी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास हौश्या. सांगितलेलं ऐकलंस."

* * *

पुढे आमचं नाव झालं. सोसायटीच्या नव्या गोडाऊनच्या उद्घाटनाला एक मोठे साहेब आले आणि त्यांना शिकारीची हौस आली. चेअरमननी तात्यांना वाटाड्या म्हणून जीपमध्ये बसवलं. मी मागे होतो.

कळप दिसला. साहेबांनी रायफल लावली. समोर होती मादी. तात्या जोरात खोकले. कळप उधळला. दुसऱ्या कळपातही साहेबांना मादीच सापडली. तात्यांना पुन्हा खोकला आला, पहिल्यापेक्षा मोठा.

साहेब तापले. "म्हातारबा, खोकला आताच कावून येतो?"

"सायेब, परवान्यावर मादी न्हाई," तात्या शांतपणे म्हणाले. "अन् खोकल्याला परवाना लागत न्हाई."

चेअरमन घामाघूम. साहेब रायफल खाली ठेवून इतके हसले की ड्रायव्हरनं जीप थांबवली. जाताना त्यांनी तात्यांना खोकल्याचं औषध पाठवलं. तात्यांनी ते भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं, शेवटपर्यंत उघडलं नाही.

* * *

मग दुष्काळ आला. माळ भाजून निघाला. गोदावरीच्या अलीकडच्या ओढ्यात एकच डोह उरला होता, तिथे सकाळी हरणं यायची, गुरांच्या शेजारी उभी राहून पाणी प्यायची. तात्यांनी त्या साली मला बंदूक घरीच ठेवायला सांगितली. "पाण्यावर आलेल्याला मारायचं नसतं, सेक्रेटरी." विषय संपला.

पण एका सकाळी शहरातली एक जीप डोहापाशी येऊन थांबली. चार जण, चार बंदुका, डोहाच्या काठाला दडून बसलेले. आम्ही सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. कळप उतारावर दिसायला लागला होता.

चाचा मागे गेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला सोसायटीचं डिझेल इंजिन पडून होतं, पाण्यावाचून सहा महिने बंद. चाचांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन असं धडधडलं की कावळेसुद्धा उठले. कळप उतारावरूनच फिरला आणि धुरळा होऊन गेला.

जीपवाला ओरडत आला. "इंजिन कावून चालू केलं?"

"टेस्टिंग है साब."

"इथं वर पाणी न्हाई अन् कसलं टेस्टिंग?"

"इंजिन का टेस्टिंग है," चाचा हात पुसत म्हणाले, "पानी का नहीं."

चाचांनी महिनाभर रोज सकाळी टेस्टिंग केलं. जीपवाले दोनदा आले आणि नाद सोडून गेले. उन्हं चढली की इंजिन बंद, आणि हरणं मग येऊन निवांत पाणी पिऊन जायची.

* * *

त्याच उन्हाळ्यात एक काळवीट विहिरीत पडलं. विहीर कोरडी, तळाला गुडघाभर चिखल. शेजारी रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, खडी फोडणाऱ्या बायकांनी आधी पाहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा नर भिंतीला धडका देत होता. थोड्या वेळात मान मोडून घेतली असती. तात्यांनी दोर कमरेला बांधला आणि कुणी अडवायच्या आत उतरले. शिंगं बरचीसारखी. एक त्यांच्या काखेतून गेलं, सदरा फाटला. वरून आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता, "गप बे. गप. तुझ्यायेवढाच मी बी भ्यालोय."

त्यांनी डोक्याचा फेटा सोडून त्याच्या डोळ्यांवरून, शिंगांवरून गच्च गुंडाळला. अंधार झाला तसं जनावर थांबलं. चाचांनी तोवर खताच्या रिकाम्या गोण्या दाभणानं शिवून झोळी केली होती. ती खाली सोडली, तात्यांनी जनावर तीत सरकवलं, आम्ही ओढायला लागलो. अर्ध्यावर दोर घसरला, माझ्या तळहातांची सालं गेली. बायका धावल्या. मुकादम आधी "कामावर चला" म्हणून ओरडत आला आणि मग त्यानंच दोर धरला. चाचा म्हणत होते, "हौले, हौले." काठावर आलं तेव्हा सगळ्यांचे श्वास एकदमच सुटले.

मी फेटा ओढून काढला. शिंगांची टोकं त्यातून आरपार गेली होती, तो फाटतच निघाला. काळवीट उभं राहिलं, थरथरलं, आणि मग एकामागून एक तीन उड्या, माणसाच्या डोक्याहून उंच. माळ पार. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मुकादमानं टोपी उडवली. कितीतरी वेळ आम्ही तिकडेच बघत होतो.

विहिरीतून आवाज आला, "आता मला काढताव का, का दुसऱ्या हरणाची वाट बघताव?"

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. गेवराईत खरेदी-विक्री संघाची सभा होती, जेवणानंतर शिकारीच्या गप्पा निघाल्या. एका बागायतदारानं आपल्या बैठकीतल्या शिंगांची लांबी सांगितली, दुसऱ्यानं त्याहून जास्त सांगितली, तिसऱ्यानं हातानं दाखवली. मग बागायतदार आमच्याकडे वळला.

"तात्या, इतकी वर्षं माळावर हाव. तुमची सगळ्यात मोठी शिंगं किती?"

तात्यांनी पान खाली ठेवलं. डोक्याचा फेटा उतरवला, मांडीवर सावकाश उलगडला आणि त्यातली दोन गोल भोकं बोटानं दाखवली.

"मोजा," ते म्हणाले.