सरी मोजायची तर चांगल्या बाजूला

आमचे सर सांगलीजवळच्या ऊसवाल्या जैन घरातले. मेंदूच्या घड्या शिकवताना पुस्तक कधी उघडत नसत. स्क्रीनवर एमआरआय लावायचे आणि म्हणायचे, "हे उसाचं रान समज. खोल ती सरी, उंच तो वरंबा. पुढून मागं जाणारी लांब सरी धर. ती ज्या आडव्या सरीला भिडते, तिच्या मागची सरी म्हणजे मधला बांध; खोल असली तरी हद्द तीच, म्हणून बांध. बांधाला लागून पुढचा वरंबा हात हलवतो."

मी पाटणची, त्यांच्या हाताखालची शिकाऊ डॉक्टर, स्वभावानं उतावळी. महिन्याभरात वाटलं, झालं, आलं आपल्याला.

तेवढ्यात कुपवाडचा एक लेथवाला आला, यंत्रावर लोखंड कातणारा. उजव्या हाताला झटके, मेंदूत डाव्या बाजूला गाठ. मी सरी मोजल्या आणि गाठ हाताच्या वरंब्यातच आहे असं ठरवून टाकलं. वर सरांना न विचारता त्याच्यासमोरच त्याच्या बायकोला सांगितलं, ऑपरेशन केलं तर हात जाईल. नसता शहाणपणा!

"मग नगं ऑपरेशन," तो म्हणाला. "हाताबिगर मी करू काय?" आणि फिल्मची पिशवी तिथंच टाकून निघून गेला.

सरांना कळलं. आता माझी खरडपट्टी निघणार म्हटलं, तर त्यांनी खुर्ची ओढली. "गाठीनं रान ढकललंय, आणि तू तिथंच मोजत बसलीस व्हय? आधी चांगल्या बाजूला मोज, मग इकडं ये."

चांगल्या बाजूनं ते एकेक थर वर चढत गेले. वरच्या थरात बांधाला एक गोल बाक होता. हाताची जागा तीच. तसाच बाक त्यांनी गाठीकडच्या बाजूला शोधला. मागं रेटलेला, पण धड! मी एक सरी अलीकडचीच बांध म्हणून धरली होती. हाताचा वरंबा गाठीच्या मागं शाबूत होता. काय नजर त्या माणसाची!

लगेच त्यांनी लेथवाल्याला फोन लावला. म्हणाले, "आमची मोजणी चुकली. परत या." आमची म्हणाले! मला रडूच आलं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तो तपासणीला आला. सरांनी हात पुढं केला, "दाब बघू." त्यानं उजव्या हातानं दाबला.

"आयाई! सोड रं गड्या!" सर हसत ओरडले.

मग त्यानं तोच हात माझ्यापुढं केला. "आवं मॅडम, तुमी बी बघा की."

मी हात दिला, पण मान काही वर करवली नाही.