अर्धा कोयता

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाआधी आगाऊ उचल देतो ती कोयत्यावर, कारखाना यादी करतो ती कोयत्यावर, आणि यादीत नाव असते नवऱ्याचे. अकरा हंगाम मी अशा एका कोयत्यात होते. लग्नाआधी अंबाजोगाईच्या कॉलेजात बी.ए.चे पहिले वर्ष पास झाले होते. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. घरची जनावरे छावणीत गेली आणि मी सासरी.

चाळिशी ओलांडल्यावर मी मुक्त शिक्षणातल्या कृषी पदविकेला नाव घातले. घाटनांदूरकडच्या एका सहकारी रोपवाटिकेत उसाची रोपे तयार होतात. तिथे देखरेखीची जागा वर्षभराने निघणार होती, पदविका असणाऱ्यालाच. ती मिळाली असती तर तोडीला जाणे कायमचे सुटले असते. पदविका दोन वर्षांची. पण आधीचे शिक्षण आणि कामाचा अनुभव या दोन्हींचे श्रेयांक मिळाले तर एक वर्ष वाचते, असे माहितीपुस्तिकेत स्वच्छ छापले होते. मला हवे होते ते हेच एक वर्ष.

केजच्या अभ्यासकेंद्रावर प्रमुखांनी माझी जुनी गुणपत्रिका पाहिली आणि इतिहासाचे श्रेयांक जागच्या जागी मान्य केले. त्या इतिहासातले एक पानही मला आज सांगता येणार नाही. मग त्यांनी ऊसकामाचा दाखला मागितला.

तो आणायला आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कारखान्यावर गेले. दाखला आला. त्यावर सगळे हंगाम होते, शिक्का होता आणि नाव मालकांचे होते. मालक सातवी पास. म्हणाले, "आता मलाच कालेजात घालतीस का काय?"

मला हसू आले नाही. दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेले. शेतकी विभागातल्या कारकुनाने यादीवरून बोट फिरवले.

"ताई, तुमचं नाव नाही यात."

"मग मोळ्या कुणी बांधल्या? गाडी कुणी भरली?"

"तुम्ही भरली असेल. पण आम्ही दाखला कोयत्याला देतो."

केंद्रप्रमुख माणूस वाईट नव्हता. त्यांनी वाट काढली: नवऱ्याच्या दाखल्याला प्रतिज्ञापत्र जोडा, 'पतीस कामात मदत केली' असे लिहा, मी वर विचारून बघतो. मालक सही करायला लगेच तयार झाले.

"मदत कुणी केली?" मी घरी आल्यावर विचारले. "तुमी तोडायचा, मी सोलायचा, बांधायचा, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायचा. यात मदत कंची अन् काम कंचं?"

"एक ओळ लिही अन् मोकळी हो."

"खोटं हाय ते."

"खरं धरून बसलीस तर यंदाबी कोयताच धरशील."

मी ती ओळ लिहिली नाही.

दसऱ्याच्या आधी मुकादम उचल ठरवायला आला. मी सांगितले, यंदा मी येणार नाही, माझी प्रात्यक्षिके आहेत.

"मग ह्यांची उचल निम्मी, वैनी. एकटा गडी म्हंजे अर्धा कोयता."

"अर्धा कावून?"

"बाकीचं अर्धं काम कोण करतंय मग? मी?"

"हेच लेखी द्या मला."

"लेखी कशाला? समद्याला ठावं हाय."

सगळ्यांना माहीत होते, फक्त लिहून द्यायला कोणी तयार नव्हते. मी नसले की कापून घेण्यापुरती मी बरोबर अर्धी भरते. मी असले की मोजायला कोणी नाही. असा हिशेब शाळेतल्या पोराने केला तर मास्तर पुन्हा करायला लावतात. मी तो जसाच्या तसा अर्जात मांडून विद्यापीठाला पाठवला. उत्तर आले की संस्थेच्या दाखल्याशिवाय अनुभव ग्राह्य धरता येत नाही.

मालक त्या हंगामाला अर्धा कोयता म्हणून गेले. रोपवाटिकेतली जागा माझे पहिले वर्ष संपल्यावर महिन्याभरात भरली. जो लागला त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्याकडे पदविका होती. मी पूर्ण दोन वर्षे केली. दुसऱ्या वर्षाचा हंगाम आला तेव्हा घर निम्म्या उचलीवर चालेना. मी पुस्तके घेऊन तोडीला गेले आणि परीक्षेपुरती परत आले.

पदविका आता माझ्याकडे आहे. सोबतच्या गुणपत्रिकेवर इतिहासासमोर 'मान्य' आणि कार्यानुभवासमोर 'निरंक' असे छापले आहे. वाचणाऱ्याला वाटावे, या बाईने उसाला कधी हातच लावला नाही.