बोटीवर गाडी मागे घेताना

साताऱ्याहून निघाले तेव्हा शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली, शाल आणि एक जाडजूड पुस्तक होतं. पुस्तक वाचण्यासाठी नव्हतं. वळणावर बाटली घरंगळू नये म्हणून टेकू लावला होता.

ती सीट सदानंदची, माझ्या नवऱ्याची. आमच्या घरी गाडी मी चालवायची आणि रस्ता त्यानं समजावून सांगायचा, अशी वाटणी होती. त्याला गाडी येत नव्हती. एकदा शिकायला गेला, पण शिकवणाऱ्यालाच इतकं शिकवलं की तो माणूस पुन्हा आलाच नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करायचे. मी घरी आणून वाचलेलं पुस्तक तो माझ्यानंतर वाचायचा आणि आठवड्याभरानं मलाच समजावून सांगायचा. मी "हं" म्हणायचे. "तुझं हे 'हं' म्हणजे होकार की पूर्णविराम?" तो विचारायचा. मी पुन्हा "हं" म्हणायचे.

मागच्या पावसाळ्यात तो गेला. दर वर्षी माघात आम्ही आंजर्ल्याला जायचो, कड्यावरच्या गणपतीला. या वर्षी मी एकटी जाणार म्हटल्यावर मुलगा निखिल पुण्याहून सुनेला घेऊन आला. "आई, ड्रायव्हर घे," तो म्हणाला. "नाहीतर गाडी विकून टाकू. उभ्या उभ्या बॅटरी उतरतेय."

"मी जाऊन येते," मी म्हटलं. "वाटेत कुठंही चावी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागली, तर खुशाल विक."

हे ठरलं, आणि लगेच त्यानं मला क्लच म्हणजे काय ते सांगायला घेतलं. सून मुक्ता हसायला लागली. "आई, याला मॅनस्प्लेनिंग म्हणतात. बाईला जे येतं, तेच पुरुषानं तिला समजावून सांगायचं."

"तसं नाही," निखिल म्हणाला. "तुझी व्याख्या चुकतेय. मॅनस्प्लेनिंग म्हणजे काय, मी सांगतो." आणि त्यानं ते आम्हा दोघींना सविस्तर सांगितलं. तो थांबला तरी आम्ही दोघी हसत होतो, आणि का, ते त्याला कळलं नाही.

पाटण मागे पडेपर्यंत मी त्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत होते. जुनी सवय. अक्कल शिकवणं, ज्ञान पाजळणं, शहाणपण सांगणं. शब्द पुष्कळ सापडले, पण ते बाईलाही लागू पडतात. नुसत्या पुरुषांसाठी वेगळा शब्द आपण केलाच नाही. गरज वाटली नसेल, किंवा शब्द करणारे पुरुष असतील.

कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी चहाला थांबले. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ होते. माझ्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "एकट्याच?"

"हो."

"घाट उतरायचाय अजून. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही, ताई. गिअरमध्ये उतरायचं."

हा घाट मी निखिल पोटात असताना उतरले आहे. "हं," मी म्हटलं. गृहस्थ खूश झाले. माझ्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले, मी नको म्हणत असताना. बोलण्याचा त्रास आणि माणसाचा चांगुलपणा एकाच बाकावर बसलेला असतो, ही एक पंचाईतच आहे.

चिपळूणनंतर रस्ता गुहागरकडे वळतो आणि हवा बदलते. दोन्ही बाजूंना कातळ (जांभ्या दगडाचा उघडा माळ), मध्येच आंब्याच्या बागा, आणि मोहराचा वास इतका दाट की काच खाली करावीच लागते. धोपाव्याला पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. इथं खाडी फेरीबोटीनं ओलांडायची, पलीकडे दाभोळ. या बोटीत गाडी मागे घेत चढवावी लागते. उताराचा ओला धक्का, मग लोखंडी फळी, मग बोट, आणि हे सगळं रिव्हर्समध्ये. सदानंदला ही बोट फार आवडायची, म्हणून आम्ही नेहमी याच वाटेनं यायचो.

बोट पलीकडच्या काठाला होती. रांगेत थांबले तर काचेवर टकटक झाली. डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक बाई होती, मासे विकून परतणारी.

"पलीकडं येऊ काय गो तुझ्या गाडीत? ऊन लागतंय. पाटी धुतलेली हाय, वास नाय यायचा."

वास येत होता. मी बाटली, पुस्तक आणि शाल मागे टाकली. ती सदानंदच्या सीटवर बसली, पाटी मांडीवर घेतली आणि बोलायला लागली. नाव सुगंधा. सून दापोलीत कामाला. मुलगा मुंबईला. मग म्हणाली, "तिसऱ्या (शिंपल्यांचा एक प्रकार) कशा निवडायच्या, ठाऊक हाय काय तुला?"

"नाही."

"मग सांगते." आणि तिनं सांगितलं. मग विचारलं, "सोलकढीला कोकमाचं आगळ कधी घालायचं, ता ठाऊक हाय?"

"ते ठाऊक आहे."

"मग ऱ्हावं दे," ती म्हणाली आणि तिसऱ्याच विषयाकडे वळली. मी तिच्याकडे बघत राहिले. गोष्ट इतकी साधी होती. आधी विचारायचं.

बोट लागली. माझा नंबर आला आणि मी गाडी वळवून पाठ बोटीकडे केली. तेवढ्यात कुठून कुठून माणसं जमली. बोटीवरचा खलाशी, मागच्या जीपचा मालक, दोन मोटारसायकलवाले आणि काळा चष्मा लावलेले एक साहेब.

"येऊ द्या, येऊ द्या."

"डावीकडं मारा, डावीकडं."

"अहो, त्यांची डावी की आपली डावी?"

"स्टेअरिंग सरळ ठेवा हो, मॅडम."

धक्क्यावर मागचं चाक थोडं घसरलं. मी ब्रेक दाबला. चष्मेवाले साहेब खिडकीशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. "उतरा मॅडम, चावी द्या. दोन मिनिटांत लावून देतो. लेडीजना रिव्हर्स जरा जड जातं."

मागून हॉर्न वाजत होते. चावी देणं किती सोपं होतं. आणि ती दिली की गाडी गेली, हेही तितकंच सरळ होतं. मी सुगंधाबाईंकडे बघितलं. इतका वेळ अखंड बोलणाऱ्या त्या बाईनं पाटी घट्ट धरली होती. "आता मी काय बोलत नाय," ती म्हणाली. "तू कर."

तेव्हा मला आठवलं. साताऱ्यापासून धोपाव्यापर्यंत बोलत येणारा सदानंद या एका जागी गप्प असायचा. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहायचा. बोट हलली की म्हणायचा, "जमलं आपल्याला."

"नको, धन्यवाद," मी साहेबांना म्हटलं आणि काचा वर केल्या. आवाज बंद झाले, हात मात्र चालू राहिले. चार दिशांना आठ-दहा हात, कोणी ओढतोय, कोणी ढकलतोय, एक जण हवेतच स्टेअरिंग फिरवतोय. बँड नसलेली वरात. मला हसू यायला लागलं. हसत हसतच आरशात बघून गाडी मागे घेतली. फळी खडखडली आणि गाडी सरळ रेषेत आत गेली.

काच खाली केली तर बाहेर अभिनंदन चाललं होतं. एकमेकांचं.

"मी म्हटलं ना, डावीकडं?"

"तुमचं नाय हो, माझा हात बघून घेतली त्यांनी."

साहेबही म्हणाले, "अगदी बरोबर. पुढच्या वेळीही असंच करा."

"जमलं आपल्याला," मी म्हटलं. सगळ्यांनाच ते पटलं. सुगंधाबाई पाटीत तोंड घालून हसत होती.

आंजर्ल्यात जिथं नेहमी उतरतो, त्याच आगरातल्या (नारळी-पोफळीच्या बागेतल्या) घरी उतरले. कुळथाचं पिठलं, भात आणि ओल्या काजूची उसळ. जेवण गरम आणि घर शांत. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

सकाळी कड्यावर गेले. खाली समुद्र निळा होता, नारळांचे शेंडे पायाखाली. इथं खडकावर देवाचं पाऊल दाखवतात. समुद्रानं किनाऱ्यावरचं देऊळ घेतलं तेव्हा गणपती एक पाऊल टेकून डोंगर चढून आला, ही गोष्ट सदानंद मला दर वर्षी पहिल्यांदाच सांगितल्यासारखी सांगायचा. पावलाशी दोन मुली फोटो काढत होत्या. मी कधी बोलायला लागले, मलाच कळलं नाही. "हे देऊळ आधी खाली होतं..." मग थांबले. "तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही, मावशी. सांगा ना."

सांगितली. त्याच्यासारखेच हातवारे झाले. मुली "हं" म्हणाल्या नाहीत, प्रश्न विचारत राहिल्या. गोष्ट इतकी चांगली होती, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

परतताना बोटीवर गाडी एकदाच पुढे-मागे करावी लागली. माझ्यामागे एक तरुण मुलगी गाडी चढवत होती आणि तिच्याभोवती हात जमले होते. तिनं घाबरून माझ्याकडे बघितलं. मी काच वर करण्याची खूण केली. ती आधी गोंधळली, मग हसली.

साताऱ्याला पोचले तेव्हा निखिल आणि मुक्ता फाटकाशी उभे होते. आमचं पार्किंग अरुंद आहे, तिथंही मागे घेतच लावावी लागते. निखिल गाडीच्या मागे धावला आणि दोन्ही हात हलवू लागला. "येऊ दे, आई. डावीकडे. आणखी थोडं. येऊ दे."

"अरे, त्यांना येते," मुक्ता म्हणाली.

निखिलचा आवाज हुबेहूब त्याच्या बाबांचा. माझा हात काचेच्या बटणावर गेला होता. तो तिथंच थांबला. मी काच अर्धी खाली ठेवली आणि आरशात बघत गाडी सावकाश मागे घेतली.

"लागली," तो म्हणाला. "चावी दे, बॅटरी बघून ठेवतो."

चावी मी पर्समध्ये टाकली. "हं," म्हटलं.