देवळातला गजर

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या नव्या डिजिटल घड्याळाचं चुकीचं बटण दाबलं गेलं असून त्याचा गजर थांबायला तयार नाही. ती किरकिर ऐकून मला साठच्या दशकातलं वेंगुर्ल्याजवळचं आमचं देऊळ आठवलं. बांधावरच्या फणसावरून बाबा आणि चुलतकाका एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. शेवटी गुरवाने देवाला कौल लावला. मूर्तीवर चिकटवलेली उजवी पाकळी आधी पडली तर फणस आमचा, डावी पडली तर काकांचा. काका एडनहून आणलेलं गजराचं मनगटी घड्याळ मिरवत आले होते. एक चावी वेळेची, दुसरी गजराची, हे सभामंडपात सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि गजर तसाच लावलेला राहिला. गाभाऱ्यात समईच्या तेलाचा आणि ओल्या अबोलीचा वास कोंडला होता. दोन्ही घरं दात आवळून पाकळ्यांकडे बघत होती. एवढ्यात काकांच्या मनगटावर किर्रर्र झालं आणि डावी पाकळी टपकन पडली! काका आनंदाने ओरडले, पण बाबांच्या गर्जनेपुढे गुरवाने घाबरून कौलच रद्द केला. फणस आजही वादात आहे, आणि माझ्या मनगटावरची किरकिर ऐकताना मला बाबांची ती गर्जना आठवून हसू आवरत नाही: "देवाक गजर लावन उठयतंस काय रे, मेल्या?"